ॲल्युमिनियमचं हाउसिंग, तुटणारा लिव्हर आणि स्टेनलेसचा नोझल: कास्टिंगमध्ये काय कशात ओतावं

प्रश्न थोडक्यात असा होता: गिअरबॉक्सचं दोन भागांचं ॲल्युमिनियम हाउसिंग आहे, साधारण २५० मिमी लांब, भिंत ६ मिमी, चार कोपऱ्यांत बोल्टसाठी ३० मिमी व्यासाचे भरीव बॉस, म्हणजे जाड गोल उंचवटे, आत तेल राहतं. आतापर्यंत ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या ठोकळ्यातून व्हीएमसी मिलिंग मशीनवर कोरून काढत होतो, आता वर्षाला ३०० ते ४०० नग लागणार म्हणून कास्टिंगला जायचंय. सोबत बिडाचा एक लिव्हर आहे जो सारखा तुटतो, आणि एक छोटा स्टेनलेसचा नोझल. एकजण म्हणाला सरळ डाय कास्टिंग करून टाका, दुसरा म्हणाला तेच ६०६१ वितळवून ओता. काय करावं?

डाय कास्टिंगवाल्याचं आणि ६०६१ वाल्याचं थोडं बाजूला ठेवा, दोघांवर येतोच. मी फाउंड्रीत पंचवीसेक वर्षं काढली, आधी बिडाच्या आणि मग ॲल्युमिनियमच्या, आणि माझी सवय अशी की पद्धत कुठली ते नंतर, आधी ड्रॉइंग समोर घ्यायचं आणि बोटानं दाखवायचं की या पीसमध्ये रस, म्हणजे वितळलेला धातू, सगळ्यात शेवटी कुठं गोठणार. ते दाखवता आलं तर पद्धत, मटेरियल, रायझर (गोठताना पीसला रस पुरवणारा जादा साठा) कुठं, मशीनिंग किती, यातलं बरंचसं आपोआप ठरत जातं. तुमच्या हाउसिंगमध्ये बोट त्या चार बॉसवर जातं.

ॲल्युमिनियम द्रवाचं घन होताना आकारमानात साधारण ६ टक्के आकसतं. ही सहा टक्के जागा कुठून तरी भरून यायला पाहिजे, नाही आली तर तिथं पोकळी राहणार, भट्टी कितीही भारी असू दे. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग नंतर, आणि जाड भागाला रस पुरवायचा रस्ता जर पातळ भिंतीतूनच असेल तर ऐन गरजेच्या वेळी तो रस्ता गोठून बंद झालेला असतो. याचा हिशोब च्वोरिनॉव्ह यांनी १९४० मध्ये मांडला तो आजही चालतो: आकारमानाला पृष्ठफळानं भागायचं, जो आकडा येईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात गोठायला वेळ लागतो. त्या आकड्याला आम्ही मोड्युलस म्हणतो.

तुमच्याच मापांवर करून बघू. ६ मिमीची भिंत दोन्ही बाजूंनी गार होते, तिचं मोड्युलस ३. बॉस ३० व्यासाचा आणि समजा उंचीही ३० च, तर भरीव दंडगोलाचं मोड्युलस व्यास भागिले ६, म्हणजे ५. आता ५ भागिले ३ चा वर्ग करा, पावणेतीनच्या वर जातो. म्हणजे भिंतीला गोठायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पावणेतीन पट वेळ बॉस आतून पातळच असणार आणि त्याला वरून कोणी रस देणारं नसेल तर मधोमध भोक पडणार. बाहेरून काही दिसत नाही. आणि तुम्ही बोल्टसाठी ड्रिल नेमकं तिथंच घालणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एका पंपाच्या कव्हरचे चाळीस पीस आमच्या हातून असेच गेले होते, वरून एकदम स्वच्छ, शॉट ब्लास्ट करून चकचकीत, मशीनिंग झालं, ड्रिल टॅप झालं आणि लीक टेस्टला पाण्यात बुडवून हवा भरली तर बुडबुडे आट्यांमधून. गिऱ्हाईक म्हणतंय तुमच्या रसात गॅस आहे, आमचा मेल्टरवाला म्हणतोय मी डिगॅसिंग केलंय, म्हणजे रसातला गॅस काढलाय, तास दोन तास वाद. शेवटी एक पीस बँडसॉवर उभा कापला. आत करड्या रंगाचा खरखरीत स्पंजसारखा भाग, भिंगातून बघितलं तर झाडाच्या फांद्यांसारखे बारीक स्फटिक उघडे दिसत होते. तिथंच वाद मिटला, कारण गॅसचं भोक असं दिसतच नाही. गॅसचं भोक गोल असतं, आतून गुळगुळीत आणि बऱ्याचदा चमकदार, श्रिंकेजचं, म्हणजे आकसण्यानं पडलेलं, वेडंवाकडं आणि खरखरीत. ही एक खूण लक्षात ठेवा, फाउंड्रीवाल्याशी बोलताना उपयोगी पडते, कारण गॅस असेल तर त्यानं रस सुधारायचा असतो आणि श्रिंकेज असेल तर बहुतेक वेळा ड्रॉइंग किंवा रायझर. चुकीचं औषध दिलं की दोन महिने जातात.

तुमच्या बॉसवर तीन इलाज आहेत. पहिला आणि सगळ्यात स्वस्त, बॉस भरीव ठेवूच नका, मधे १६ मिमीचं भोक ओतूनच घ्या. मग ती ७ मिमी जाडीची नळी झाली, मोड्युलस साडेतीनच्या आसपास, भिंतीच्या ३ शी जवळजवळ जुळतं (भोकासाठी आत ठेवलेला गाभा, म्हणजे कोअर, तापतो त्यामुळं प्रत्यक्षात थोडं जास्त धरा, तरी फरक जमीन अस्मानाचा). अर्थात त्यात बोल्ट आरपार जाणारा पाहिजे, आटे पाडायचे असतील तर बॉसचा व्यास कमी करून भोक लहान करावं लागेल. दुसरा, बॉसला लागून वाळूत बिडाचा किंवा ग्राफाइटचा तुकडा बसवायचा, चिल म्हणतात त्याला, तो उष्णता ओढून घेतो आणि बॉस लवकर गोठवतो. तिसरा, प्रत्येक बॉसवर रायझर. रायझरचं मोड्युलस बॉसच्या १.२ पट धरतात, म्हणजे ६, म्हणजे ३६ व्यासाचा आणि ३६ उंचीचा रायझर, चार बॉसना चार, आणि साधा उघडा रायझर स्वतःच्या आकारमानाच्या जेमतेम १४ टक्के रस पुढे देतो, बाकी सगळा कापून परत भट्टीत. चालतं, पण ड्रॉइंगमधला दोष भट्टीच्या बिलात भरून काढल्यासारखं आहे ते. पहिला इलाज होत असेल तर बाकीच्यांकडं बघूही नका.

आता ६०६१ वितळवून ओतायचं म्हणणाऱ्यांबद्दल. ६०६१ हे दाबून, लाटून, एक्स्ट्रूड करून आकार द्यायचं मटेरियल आहे, ते ओतायला बनलेलंच नाही. त्याची गोठण्याची रेंज लांब, ५८० ते ६५० अंशांच्या मधे ते अर्धवट घट्ट अवस्थेत बराच वेळ राहतं, आणि त्या अवस्थेत साच्यानं आकसायला अडवलं की कोपऱ्यात तडा जातो, याला हॉट टिअर म्हणतात. ओतायच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं ते उगीच नाही. सिलिकॉननं रस पातळ वाहतो, आणि सिलिकॉन स्वतः गोठताना फुगतं त्यामुळं एकूण आकसणं कमी होतं.

मग तुमच्यासमोर खरे पर्याय दोन, एलएम६ आणि एलएम२५ ही ओतायची मिश्रणं. एलएम६ मध्ये सिलिकॉन साधारण १० ते १३ टक्के, बारीक कोपऱ्यातही पाण्यासारखा जातो, गंजाला चांगला, ओतायला एकदम समजूतदार माल. पण हीट ट्रीटमेंटनं त्याची ताकद वाढत नाही, आणि मशीनवर तो चिकट वागतो, टूल खातो, बारीक टॅपिंगला वैताग देतो. एलएम२५ मध्ये सिलिकॉन ७ टक्क्यांच्या आसपास आणि थोडं मॅग्नेशियम, अमेरिकन नावात ए३५६ चा भाऊ. हा जसा ओतला तसा वाळूतला १३० मेगापास्कल ओढ सोसणारा माल, पण टी६ ही हीट ट्रीटमेंट केली की २३० च्या वर जातो, आणि तोच मेटल डायमध्ये ओतून टी६ केला तर २८०. तुम्हाला बेअरिंगची सीट टिकाऊ पाहिजे, बोल्टचे आटे टिकले पाहिजेत, तेव्हा मी एलएम२५ टी६ च घेईन. फक्त हे डोक्यात असू द्या की तुमचं ६०६१ टी६ साधारण ३१० चं होतं, म्हणजे जिथं ताण आहे तिथं रिब द्यावी लागेल, ठोकळ्याचं ड्रॉइंग जसंच्या तसं कास्टिंगला पाठवून चालणार नाही. टी६ म्हणजे ५३५ अंशांवर काही तास, मग गरम पाण्यात बुडवणं, मग १६० ते १७५ अंशांवर एजिंग, आणि त्या बुडवण्यात पीस थोडा वाकतोच, म्हणून बेअरिंगचं बोअर टी६ झाल्यावरच मारा. आधी मारून नंतर टी६ केलेलं बोअर अंडाकृती होऊन आलं तर हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडू नका.

गॅसचंही सांगून टाकतो कारण तेलाचं हाउसिंग आहे. हवेतल्या दमटपणाशी वितळलेल्या ॲल्युमिनियमची गाठ पडली की वर ऑक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन रसात शिरतो. द्रवात तो मावतो, घनात मावत नाही, गोठण्याच्या क्षणी त्याची मावण्याची क्षमता वीसेक पट खाली येते, मग तो बारीक भोकं करून बसतो. त्यामुळं ओला स्क्रॅप भट्टीत टाकणं, पळी न तापवता रसात घालणं, रस ८०० अंशांवर नेऊन तासभर तसाच ठेवणं ही सगळी पापं आहेत. चांगला फाउंड्रीवाला नायट्रोजन किंवा आर्गॉन फिरत्या रोटरनं रसातून सोडतो आणि मग एका छोट्या कपात नमुना घेऊन तो व्हॅक्यूममध्ये गोठवतो. रस खराब असेल तर नमुन्याचं डोकं फुगून वर येतं आणि कापला की आत चाळणी. ही टेस्ट त्याच्याकडं आहे का एवढा एकच प्रश्न विचारा, उत्तर देताना तो कसा बघतो त्यावरूनच बरंच कळतं.

आणि ओतण्याचा वेग. जॉन कॅम्पबेल या माणसानं आयुष्यभर हेच सांगितलं की ॲल्युमिनियमचा रस साच्यात सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेगानं शिरला की वरची ऑक्साइडची साय घडी घालून आत जाते, आणि ती घडी म्हणजे आत झोपलेला तडाच. गंमत बघा, फक्त साडेबारा मिमी उंचीवरून पडला तरी रस त्या वेगाला पोचतो. म्हणजे कोणत्याही नेहमीच्या ओतण्यात ती मर्यादा ओलांडली जातेच, म्हणून रनर, म्हणजे साच्यातली रस नेणारी वाट, मोठा करून वेग पाडायचा, मधे सिरॅमिक फिल्टर ठेवायचा आणि पीसमध्ये रस खालून वर शिरेल असं गेट, म्हणजे पीसमध्ये शिरायचं तोंड, काढायचं. वरून धबधबा सोडणारं गेटिंग दिसलं तर तिथंच थांबा.

आता पद्धत. ३०० ते ४०० नग वर्षाला, हा आकडा असा आहे की प्रेशर डाय कास्टिंगची डाय परवडत नाही आणि नुसत्या लाकडी पॅटर्नवर (वाळूत ठसा उमटवायचा नमुना) हातानं वाळूत करत बसणंही कंटाळवाणं होतं. मी असं करीन: पहिले वीस तीस पीस वाळूत, लाकडाच्या किंवा रेझिनच्या पॅटर्नवर. या वीस पिसांत ड्रॉइंगमध्ये काय काय बदलायचंय ते सगळं बाहेर येतं, आणि लाकडात बदल करणं म्हणजे सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम, डायमध्ये बदल म्हणजे वेल्डिंग, परत मशीनिंग आणि परत वाट बघणं. पाचच पीस बघायचे असतील तर हल्ली वाळूचा साचाच थ्रीडी प्रिंट करून मिळतो, पॅटर्न लागतच नाही, नगाला महाग पडतो पण पॅटर्नचा खर्च वाचतो. डिझाइन पक्कं झालं की ग्रॅव्हिटी डाय, म्हणजे लोखंडी कायमचा साचा, ३०० अंशांच्या आसपास तापवून, आतून कोटिंग मारून त्यात रस आपल्या वजनानं ओतायचा. धातूचा साचा उष्णता पटकन ओढतो त्यामुळं दाणा बारीक येतो, म्हणून वर सांगितलं तसं तेच एलएम२५ २३० वरून २८० वर जातं. शिवाय पृष्ठभाग वाळूपेक्षा कितीतरी साफ. तुमचं हाउसिंग दोन उघड्या वाट्यांसारखं आहे, आत कोअरची भानगड जवळजवळ नाही, म्हणजे ग्रॅव्हिटी डायसाठी एकदम योग्य. लो प्रेशर पण आहे, खालच्या बंद भट्टीतून अर्ध्या एक बार दाबानं रस हळू वर चढवतात, गाड्यांची अलॉय व्हील बहुतेक अशीच होतात, माल सुंदर येतो पण तुमच्या नगांसाठी मशीनवाला मिळाला तर बघा, नाही मिळाला तरी काही अडत नाही.

प्रेशर डाय कास्टिंग का नको? नगांचा हिशोब सोडा, तांत्रिक कारण ऐका. तिथं रस गेटमधून सेकंदाला ३० ते ६० मीटर वेगानं आत फेकला जातो, आख्खी पोकळी बऱ्याचदा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत भरते, आतली हवा बाहेर जायला वेळच मिळत नाही, ती बारीक बुडबुडे होऊन शेकडो बारच्या दाबाखाली मालात कोंडली जाते. बाहेरची अर्धा मिमीची कातडी घट्ट असते, आत बुडबुडे. त्यामुळं डाय कास्ट पीसवर दीड दोन मिमीचा कट घेतलात की कातडी गेली आणि भोकं उघडी पडली, बेअरिंगच्या बोअरमध्ये तर हमखास. शिवाय टी६ ला भट्टीत टाकला की ५०० च्या वर ती कोंडलेली हवा फुगते आणि पीसवर फोड येतात. व्हॅक्यूम लावून करणारे आहेत पण तो वेगळा खेळ आणि वेगळं बजेट. मटेरियलही वेगळं, तिथं बहुतेक एडीसी१२ हे डाय कास्टिंगचं ॲल्युमिनियम चालतं, ज्यात लोखंड एक टक्क्याच्या आसपास राहू देतात, कारण नाहीतर ॲल्युमिनियम डायच्या स्टीलला चिकटतं, आणि तेच लोखंड सुयांसारखे स्फटिक करून माल ठिसूळ करतं. एकाच मशीनवर दिवसाला हजारभर पातळ कव्हर काढायची असतील, भिंत दोन अडीच मिमी, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुमचं काम ते नाही.

जाता जाता, झिंक हॉट चेंबर मशीनवर ओततात, पंप रसातच बुडलेला असतो, आणि ॲल्युमिनियमला वेगळं कोल्ड चेंबर मशीन लागतं, याचं कारणही तेच, ॲल्युमिनियम लोखंड विरघळवून खातं, पंप काही दिवसांत संपेल. झिंकचे पीस देखणे आणि अचूक येतात, प्लेटिंग मस्त बसतं, पण वजनाला बीडाच्या जवळ आणि १०० अंशांच्या पुढं सतत ताणाखाली ते हळूहळू सरकतं, गिअरबॉक्सला विचारही नको. हँडल, लॉक, छोट्या बॉडी, तिथं झिंक.

लिव्हरकडं येऊ. हा मला वाटतं सगळ्यात सोपा आहे, तुमचं मटेरियलच चुकलंय. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि ओढ बसली की प्रत्येक पापुद्रा तड्याचं काम करतो, त्यामुळं बीड लांबत नाही, एक टक्कासुद्धा नाही, सरळ तुटतं. दाबाला मात्र ते ओढीच्या तीन चार पट तरी सोसतं. म्हणून मशीनचे बेड, बॉडी, बेस बिडाचे, कंपनं पिऊन टाकतं, मशीनिंग लोण्यासारखं, आणि ब्रेकचे ड्रम डिस्कसुद्धा बिडाचे कारण पापुद्र्यांमुळं उष्णता चांगली वाहते. बीड म्हणजे हलका माल असं जे समजतात त्यांचं मला कधी पटलं नाही. पण लिव्हर म्हणजे झटका आणि वाकणं, तिथं एसजी पाहिजे. एसजी म्हणजे रसात मॅग्नेशियम देऊन ग्राफाइटचे गोळे केलेलं लोखंड, १९४८ मध्ये जगासमोर आलं, आणि रसात शेवटी ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम राहिलं तरच गोळे नीट होतात. ते मॅग्नेशियम उडत जातं, ट्रीटमेंट झाली की दहा एक मिनिटांत साचे भरून व्हायला पाहिजेत, लॅडल घेऊन कोणी मधेच फोनवर उभा राहिला तर शेवटचे साचे एसजीच्या नावाखाली भलतंच काहीतरी असतात. तुम्हाला ग्रेड ५०० ७ पुरेल, म्हणजे ५०० मेगापास्कल आणि ७ टक्के लांबणं. झटका फारच असेल तर ४०० १५ घ्या, ताकद कमी पण तुटण्याआधी वाकेल.

आलेला माल खरंच एसजी आहे का हे बघायला लॅब नंतर, आधी पीस तारेवर टांगा आणि हातोडीनं टकटक करा. एसजी घंटेसारखा खणखणतो आणि आवाज रेंगाळतो, साधं बीड बद्द वाजून गप्प होतं. सवय झाली की डोळे मिटून ओळखता येतं. आणि तुटलेला जुना लिव्हर टाकून देऊ नका, तुटीचा चेहरा बघा. तो आत काटकोनी कोपऱ्यापासून तुटला असेल तर एसजी करूनही तिथंच तुटेल, पुढच्या वेळी थोडा उशिरा एवढंच, तेव्हा तिथं निदान ५ मिमीचा फिलेट, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, द्या. पातळ कडेला तूट पांढरी चमकदार दिसत असेल तर तिथं रस घाईनं गोठून कार्बन ग्राफाइट न होता कार्बाइड झालाय, चिल आलाय म्हणतो आम्ही, तो काचेसारखा ठिसूळ आणि टूलचे इन्सर्ट उडवणारा. ते फाउंड्रीकडचं इनॉक्युलेशन, म्हणजे ग्राफाइट नीट व्हावं म्हणून रसात शेवटी घालायचं मिश्रण, कमी पडल्याचं लक्षण.

नोझल. स्टेनलेस आणि छोटा म्हटलं की लोक लगेच इन्व्हेस्टमेंट कास्टिंग सांगतात, मीही सांगीन, पण आधी विचारतो की तो गोल आहे का. नुसता गोल, बाहेरून टर्निंग आणि आतून एक भोक असेल तर बारमधून सीएनसीवर काढा, ओतू नका, कास्टिंग ही काही सगळ्याला लावायची मात्रा नाही. बाजूला कान, वाकडा रस्ता, षटकोन, असं काही असेल तर मग इन्व्हेस्टमेंट. मेणाचे पीस, ते एका दांड्याला जोडून केलेलं झाड, त्यावर सिरॅमिकच्या पातळ चिखलाचे आणि दाण्यांचे सहा ते आठ थर, प्रत्येक थर वाळायला वेळ, मग वाफेच्या दाबानं मेण काढणं, हजारेक अंशांवर साचा भाजणं आणि गरम साच्यातच रस ओतणं. नुसता साचाच तयार व्हायला आठवडा सहज जातो, त्यामुळं घाईचं काम याला देऊ नका. बदल्यात ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न साच्यातून निघावा म्हणून भिंतीला द्यायचा उतार, जवळजवळ लागत नाही, २५ मिमीच्या मापाला ±०.१५ सांभाळता येतं, दीड दोन मिमीची भिंत येते. ३ मिमीपेक्षा बारीक भोक ओतायचा हट्ट धरू नका, ड्रिल करा. ३१६ पाहिजे असेल तर ओतकामात त्याचं नाव सीएफ८एम, आणि ऑर्डरवर सोल्यूशन ॲनिलिंग स्पष्ट लिहा, १०४० अंशांच्या वर तापवून पटकन पाण्यात. ते केलं नाही तर दाण्यांच्या कडांना क्रोमियमचे कार्बाइड अडकून राहतात आणि स्टेनलेस असूनही त्या कडांनी गंज धरतो, मग सगळे मटेरियलच्या नावानं शंख करतात.

बाकी पद्धती तुम्हाला आत्ता लागत नाहीत. लायनर, पाइप, ब्रॉन्झचे बुश यांना फिरत्या साच्यात ओततात, सेंट्रिफ्यूगल, जड स्वच्छ धातू बाहेर फेकला जातो आणि हलका कचरा आतल्या बोअरकडं येतो जो पुढं मशीनिंगमध्ये निघून जातो, बुशला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. थर्माकोलचा पॅटर्न वाळूतच ठेवून त्यावर रस ओतायची लॉस्ट फोम, गुंतागुंतीच्या आकारांना. शेल मोल्डिंग, रेझिन लावलेली वाळू गरम पॅटर्नवर भाजून पातळ कवच, हिरव्या (म्हणजे नेहमीच्या ओलसर) वाळूपेक्षा माप चांगलं. स्टील कास्टिंग हा स्वतंत्र विषय, १६०० अंशांच्या आसपासचं ओतणं, मोठमोठे रायझर, नवख्यानं त्यात आधी पडू नये.

ड्रॉइंगबद्दल थोडं, कारण ठोकळ्यातून कोरणाऱ्याला याची सवय नसते. ड्राफ्ट दीड अंश धरा, ६० मिमी खोल भिंतीवर त्यानं एका बाजूला दीड मिमीच्या वर फरक पडतो, तेव्हा ते आतल्या गिअरला आडवं येतंय का ते आत्ताच बघा. गोठल्यावर गार होतानाही पीस लांबीत आकसतो म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो, ॲल्युमिनियमला साधारण १.३ टक्के, म्हणजे तुमच्या २५० ला २५३ च्या थोडं वर, स्टीलला २ टक्के, म्हणून एका मटेरियलचा पॅटर्न दुसऱ्याला वापरायचा शहाणपणा करू नये. वाळूत मशीनिंगला ३ मिमी ठेवा, ग्रॅव्हिटी डायमध्ये दीड दोन पुरे. जो चेहरा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे तुमची दोन वाट्या जुळायची सपाटी, तो साच्यात खाली येईल असं सांगा, कारण वाळूचे कण, ऑक्साइड, सगळा कचरा वर तरंगतो. वरच राहणार असेल तर तिथं एक दीड मिमी जादा ठेवा. चार भिंती एका बिंदूत भेटत असतील तर त्या थोड्या सरकवून दोन टी करा, तिथंही बॉससारखाच जाड गोळा तयार होतो, लोक बॉस सुधारतात आणि हा चौक विसरतात.

फाउंड्रीत गेलात की वाळूजवळ थांबा. मूठभर घ्या, दाबा, मधून तोडा. तुटीच्या कडा धारदार राहिल्या आणि तळहाताला ओल लागली नाही तर वाळू ठीक. भुगा होऊन गळली तर कोरडी किंवा बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) कमी, हाताला चिकटली तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे वाफ, म्हणजे ब्लोहोल. पाणी तीन चार टक्के असतं, एवढ्याशा फरकानं होतं हे सगळं.

गळतीवर एक मार्ग लोक सुचवतील, इम्प्रेग्नेशन, व्हॅक्यूममध्ये रेझिन आत ओढून बारीक भोकं बुजवणं. प्रामाणिक मार्ग आहे, सुईच्या टोकाएवढ्या पोरोसिटीला मीही वापरतो, पण बॉसमधल्या स्पंजला त्यानं ताकद येत नाही, बोल्ट आवळला की आटे उपसून येणारच. म्हणून पहिला पीस आला की त्याचं मशीनिंग करू नका. बँडसॉवर चारही बॉस उभे कापा, कापलेला चेहरा पॉलिश पेपरवर घासा, भिंगानं बघा आणि मग बाकीच्यांना हो म्हणा. एक पीस गेला म्हणून जीव तुटतो हे मला माहितीय, तरी कापा. आणि बॉसला भोक ओतायचं ठरलं तर पॅटर्नवाल्याकडं जायच्या आधी तो कोपरा आणि आतला चौक एवढंच ड्रॉइंग इथं टाका, मोड्युलस काढून देतो.